काकांच्या आवाजातला माझा जबाब

नलूमावशीच्या कॉव्हेंट्रीच्या घरात फोडणी करायची तर आधी तीन दारं लावावी लागत. एक हॉलचं, एक जिन्याखालच्या कपाटाचं, कारण तिथे सगळ्यांचे कोट टांगलेले असत, आणि एक पुढच्या खोलीचं, कारण शनिवारी तिथे काकांचे क्लायंट येऊन बसत. तिन्ही दारं लागली की मावशी परसदार सताड उघडायची, मग डिसेंबर असो की जून, आणि थंडीने कुडकुडत मोहरी तडतडण्याची वाट पाहायची. हिंगाचा वास घेऊन कोर्टात गेलेल्या वकिलावर कोणी विश्वास ठेवत नाही, असं तिच्या नवऱ्याचं, म्हणजे वसंतकाकांचं म्हणणं होतं. ते गमतीत म्हणत, पण एखाद दिवशी दार उघडं राहिलं तर आवाज न चढवता कोट बाहेर बागेत नेऊन झटकत, आणि ते झटकणं मावशीला स्वयंपाकघरातून दिसेल अशा जागी उभे राहूनच. मी त्या घरात पाच वर्षं काढली. त्यातलं एक वर्ष मँचेस्टरला होते, पण माझे कपडे, पुस्तकं आणि जीव त्या घरातच होता.

आई-बाबांनी मला नवव्या वर्षी पुण्याहून कॅनडात नेलं. बाबा हॅमिल्टनमध्ये पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर होते. मला वकील व्हायचं होतं. का, ते आता नीटसं आठवत नाही; बहुधा आईला वाटायचं म्हणून. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना आई गेली, आणि तिची इच्छा तेवढी माझ्याजवळ राहिली. पदवीनंतर दोन वर्षं मी तिकडच्या लॉ स्कूलना अर्ज केले आणि दोन्ही वर्षं सगळीकडून नकार आले. तेव्हा बाबांनी इंग्लंडचा मार्ग काढला. तिथे पदवीधरांना दोन वर्षांत कायद्याची पदवी मिळे. मग एका वर्षाचा प्रॅक्टिकल कोर्स, दोन वर्षं सॉलिसिटरच्या हाताखाली ट्रेनिंग, आणि परत येऊन आणखी काही परीक्षा दिल्या की कॅनडात वकील. लांबचा वळसा होता, पण रस्ता होता. आजही मुलं तो धरतात. शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे शिकाऊ म्हणून येणाऱ्यांत निम्मी मुलं तिकडून पदवी घेऊन आलेली असत. यूकेत काय मजा आली ते सांगत. मी मान हलवत असे.

शिवाय तिकडे मावशी होती. आईची पाठची बहीण, आईसारख्याच रुंद कपाळाची, आईसारखीच बोलताना पदराचं, म्हणजे आता कार्डिगनचं, टोक चिमटीत धरणारी. मला विमानतळावर सोडताना बाबा म्हणाले होते की माय मरो मावशी जगो असं आपल्याकडे उगाच नाही म्हणत. त्या म्हणीतला पहिला भाग त्यांना उच्चारताना जड गेला, पण त्यांना मला धीर द्यायचा होता. मी तेव्हा ती म्हण जशीच्या तशी खरी मानली.

मी कायदा शिकले तो विद्यापीठात कमी आणि मावशीच्या डायनिंग टेबलावर जास्त. टेबलाच्या एका टोकाला मी कराराच्या कायद्याचं पुस्तक उघडून बसायचे, मधे मावशीची मुलगी केतकी शाळेचा होमवर्क करायची, आणि दुसऱ्या टोकाला कानाला हेडफोन लावून मावशी काकांच्या टेप टाइप करायची. काका दिवसभर एका छोट्या रेकॉर्डरमध्ये पत्रं, अर्ज, जबाब बोलून ठेवत आणि संध्याकाळी त्या टेप मावशीपुढे ठेवत. टेबलाखाली कांद्याच्या टोपलीशेजारी पायाने दाबायचं एक पेडल होतं. ते दाबलं की आवाज पुढे, टाच टेकवली की मागे. मावशी कुकरच्या शिट्ट्या मोजत टाइप करायची, तिसऱ्या शिट्टीला टाच टेकवून उठायची, गॅस बंद करून परत यायची आणि अर्धवट सोडलेल्या वाक्यात बरोबर शिरायची. फर्ममध्ये तिचं नाव कुठेच नव्हतं, पण अठरा वर्षांतला एकही कागद तिच्या बोटांखालून गेल्याशिवाय बाहेर पडलेला नव्हता. केतकी मधेच म्हणायची, "आई, माझी जेवण कधी होणार?" आणि मावशी हेडफोन न काढता, "माझं जेवण," एवढंच म्हणायची आणि टाइप करत राहायची.

जेवण मात्र ती मन लावून करायची. रूबार्बच्या आंबट देठांचा मेथांबा मी आजवर तिच्याशिवाय कोणाच्या हातचा खाल्लेला नाही. बागेच्या कडेला आलेल्या गूजबेरीचं लोणचं ती मुरवायची. मँचेस्टरच्या वर्षात मी एका हॉस्पिटलमागच्या गल्लीत खोली घेऊन राहिले होते, ट्रामच्या आवाजात जागी व्हायचे आणि एकटीच असायचे. तेव्हा दर पंधरवड्याला कॉव्हेंट्रीहून मँचेस्टरला येणाऱ्या कोणाच्या तरी हातात मावशीचा डबा असायचा. वरच्या खणात पोळ्या, खालच्या खणात भाजी, आणि झाकणाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर 'आधी भाजी संपव'. त्या डब्यांनी मला बांधून घेतलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

कोर्स झाल्यावर ट्रेनिंगसाठी मी गावोगावच्या फर्मना अर्ज केले. कोणी इंटरव्ह्यूला बोलावलं, कोणी उत्तरही दिलं नाही. तेव्हा काका म्हणाले की घरचं ऑफिस असताना परक्यांच्या दारात कशाला उभी राहतेस. कापडाच्या एका दुकानाच्या वर दोन खोल्यांचं त्यांचं ऑफिस होतं. मुख्य काम इमिग्रेशनचं. काका वाईट वकील नव्हते. हे लिहिताना मला त्रास होतो, पण ते खरं आहे. घाबरलेल्या माणसाला खुर्चीत बसवून, चहा देऊन, त्याच्याच शब्दांत त्याची हकिगत कशी काढून घ्यायची ते मी त्यांच्याकडून शिकले. मुदतीबद्दल ते फार काटेकोर होते. "बाकी सगळ्याला माफी आहे वृंदा, मुदतीला नाही," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं होतं.

माझ्या ट्रेनिंगचं दुसरं वर्ष चालू असताना रंजना आमच्याकडे आली. ती मिरजेची. लग्न करून नवऱ्याच्या व्हिसावर आली होती. नवरा मारायचा. एक दिवस तो निघून गेला आणि जाताना व्हिसा देणाऱ्या सरकारी खात्याला, होम ऑफिसला, पत्र टाकून गेला की हिच्याशी माझा संबंध उरलेला नाही. ती एका वृद्धाश्रमात लाँड्रीत कामाला होती. हात कायम भाजल्यासारखे लाल असत. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी होती, तरी मला ताई म्हणायची. तिचा जबाब घ्यायला मला तीन दुपारी लागल्या. पहिल्या दुपारी ती फक्त मिरजेबद्दल बोलली. दुसऱ्या दुपारी रडली. तिसऱ्या दुपारी तिने बाही वर करून कोपरापाशी चुकीचं जुळलेलं हाड दाखवलं, आणि मी तिचा हात धरून बसले. माझ्या सगळ्या शिक्षणात मला वकील झाल्यासारखं पहिल्यांदा वाटलं ते त्या दुपारी.

तिचा अर्ज नामंजूर झाला. अपील करायला मोजून दहा कामाचे दिवस होते. मी अपिलाचे मुद्दे लिहिले, कागद लावले आणि मंगळवारी काकांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये सहीसाठी ठेवले, वर पिवळी चिठ्ठी लावून. गुरुवारी आठवण केली. काका फोनवर होते. त्यांनी हात हलवून झालंच समज अशी खूण केली. तो गणपतीचा आठवडा होता आणि त्या वर्षी काका आमच्या मंडळाचे अध्यक्ष होते. शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता, आरास त्यांच्याकडे होती, लेस्टरहून स्पीकर आणायचे होते. ऑफिसचं काम ते गाडीतच घेऊन फिरत होते.

विसर्जन झाल्यावर सोमवारी दुपारी हॉलचे पडदे परत द्यायचे म्हणून मी काकांच्या गाडीची डिकी उघडली. मखमली पडद्यांच्या घडीखाली रंजनाची फाइल होती. पिवळी चिठ्ठी तशीच. सहीची जागा कोरी. मुदत शुक्रवारी संपली होती.

मी फाइल घेऊन आत आले आणि काकांच्या हातात दिली. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. बराच वेळ ते पानं उलटत राहिले, जणू त्यातल्या एखाद्या पानावर स्वतःची सही सापडेल. मग म्हणाले की बघू, काहीतरी करू, आणि कोट घालून बाहेर निघून गेले. मला वाटलं, अपील ऐकणाऱ्या ट्रिब्युनलला पत्र लिहितील, झाली चूक कबूल करतील. मी त्यांना तेवढं ओळखत होते असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी थालीपीठं लावत होती. केतकी स्विमिंगला गेली होती. काका टेबलाशी माझ्यासमोर येऊन बसले. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं, क्लायंटला सांगतात तसं. चूक त्यांची म्हणून दाखवली तर ती पहिली ठरणार नव्हती. दोन वर्षांपूर्वी असंच एक प्रकरण झालं होतं आणि तेव्हा त्यांना लेखी ताकीद मिळाली होती. पुन्हा झालं तर ऑफिस बंद. ऑफिस बंद म्हणजे रंजनासारख्या सगळ्यांच्या फाइली रस्त्यावर, आणि माझं ट्रेनिंगही अर्ध्यात. पण ट्रेनीच्या हातून कागद राहून गेला असं म्हटलं तर ट्रिब्युनल समजून घेतं. ट्रेनी चुकायचेच.

"तुझ्या नावाला काही होणार नाही," काका म्हणाले. "दोन ओळींचा जबाब. रंजनाचं अपील वाचेल. तुला ती वाचायला हवी आहे ना?"

मी मावशीकडे पाहिलं. तिची पाठ आमच्याकडे होती. ती थालीपीठाला बोटाने भोकं पाडत होती, एक मधे, चार भोवती, आणि प्रत्येक भोकात थेंबभर तेल सोडत होती. मी विचारलं, "मावशी, तुला काय वाटतं?"

ती वळली नाही. "मला त्यातलं काय कळतंय," म्हणाली.

अठरा वर्षं प्रत्येक जबाब टाइप करणारी माझी मावशी असं म्हणाली. मग तिने थालीपीठ माझ्या ताटात वाढलं, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि काकांच्या आधी मला वाढलं. त्या घरात असं कधी होत नसे.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर घरी आले तर ती टेबलाशी बसून टाइप करत होती. माझ्या कोटाचं टोक हेडफोनच्या वायरीत अडकलं, पिन निसटली आणि काकांचा आवाज एकदम खोलीभर झाला. ठाशीव, सावकाश, स्वल्पविरामही उच्चारणारा इंग्रजी आवाज. मी ट्रेनी सॉलिसिटर आहे. फाइल सहीसाठी पुढे पाठवायची जबाबदारी माझी होती. मी ती माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आणि विसरले. माझ्या पर्यवेक्षकांना याची काहीही कल्पना नव्हती. इंग्रजीत विसरलो आणि विसरले यांत फरक नसतो म्हणून हे जमलं. मराठीत त्या आवाजाला ते वाक्य बोलताच आलं नसतं. मावशीने टाच टेकवली, टेप मागे गेली, पिन परत बसवली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. तिने राहिलेलं वाक्य टाइप करून पूर्ण केलं, कागद मशीनमधून काढला आणि उलटा करून माझ्या बाजूला सरकवला. खाली माझं नाव होतं, आणि त्याच्या वर, या जबाबातला मजकूर खरा आहे असं मी मानते, ही ओळ. मी सही केली. मला कोणी धमकावलं नव्हतं. मी सत्तावीस वर्षांची होते, कायद्याची पदवी माझ्याजवळ होती, आणि त्या ओळीचा अर्थ मला त्या घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त ताजा पाठ होता. काकांबद्दल मी पुढे जे काही लिहीन ते वाचताना एवढं लक्षात असू द्यावं.

बर्मिंगहॅमच्या ट्रिब्युनलमध्ये न्यायाधीश एक बाई होत्या. त्यांनी माझा जबाब वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की मला काही सांगायचं आहे का. मी उभी राहिले आणि नाही म्हटलं. त्यांनी उशिरा आलेलं अपील दाखल करून घेतलं. निकालात लिहिलं की शिकाऊ वकिलाच्या गंभीर निष्काळजीपणाची शिक्षा अशिलाला मिळता कामा नये. काकांनी ती ओळ मला बाहेर येऊन दाखवली आणि माझी पाठ थोपटली. बघ, वाचलं की नाही, असं म्हणाले.

रंजना कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली होती. तिला काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, कोणाच्या हातून काय झालं ते. मी जवळ गेले तेव्हा ती उठून उभी राहिली, आदराने नव्हे, अंतर ठेवायला.

"ताई, मी तुम्हाला माझा हात दाखवला होता," ती म्हणाली. "मी तो माझ्या आईलासुद्धा दाखवला नाही. आणि तुम्ही माझा कागद खणात टाकून विसरलात."

मला तिला खरं सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण काका चार पावलांवर उभे होते आणि आत नुकतंच दाखल झालेलं तिचं अपील माझ्या खोटेपणावर उभं होतं. मी म्हटलं, चुकलं माझं. तिने काकांना सांगितलं की यापुढे तिची फाइल या मुलीकडे देऊ नका. काकांनी ते मान्य केलं, तिच्यादेखत, माझ्यादेखत.

दोन महिन्यांनी ती केस जिंकली. मला ते घरी कळलं. तिने काकांसाठी मिठाईचा मोठा खोका पाठवला होता. मावशीने त्यातला एक पेढा माझ्या ताटात ठेवला. मी तो खाल्ला. चांगला होता.

पुढचे महिने कसे गेले ते फारसं सांगण्यासारखं नाही. मंडळात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका मला विचारत की तुला कॅनडात परत कधी जायचंय, आणि विचारताना एकमेकींकडे पाहत. एका बाईंनी माझ्यासमोरच मावशीला म्हटलं की बहिणीची पोर म्हणून तुम्ही केवढं पोटात घालता. मावशीने हसून तिला चहा दिला. माझं ट्रेनिंग संपलं तेव्हा काकांनी सगळे कागद सही करून दिले, पण शेरा लिहिताना मुदतीच्या बाबतीत देखरेखीची गरज, असं लिहिलं. मी विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाले की जबाब आणि शेरा एकमेकांशी जुळायला हवेत, नाहीतर उद्या कोणीतरी प्रश्न विचारेल. त्यांचं बरोबर होतं. कागदपत्रं एकमेकांशी जुळवणं हेही त्यांनीच मला शिकवलं होतं.

हॅमिल्टनला परत आल्यावर मी राहिलेल्या परीक्षा दिल्या आणि पास झाले. बाबांनी माझ्यासाठी काळा सूट शिवून घेतला. मग वकिलीची सनद देणाऱ्या संस्थेकडून चारित्र्याचा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता, कोणत्याही कोर्टाने तुमच्या वागणुकीबद्दल प्रतिकूल मत नोंदवलं आहे का. हो लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काही आठवड्यांनी पत्र आलं की खुलासा द्या, लागल्यास समितीपुढे हजर राहावं लागेल.

मी मावशीला फोन केला. काका ऑफिसात असतील अशी वेळ बघून केला. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, तू फक्त खरं लिहून दे. टेप कोणाच्या आवाजात होती ते लिही. तू टाइप केलंस एवढं लिही. पलीकडे टीव्ही चालू होता, तो तिने बंद केला. मला वाटलं, लिहिणार.

"तू तुझ्या देशात पोचलीस, वृंदा," ती म्हणाली. "मला इथेच राहायचंय, ह्यांच्याबरोबर."

मी रागात म्हटलं की आई असती तर तिने लिहून दिलं असतं. मावशी म्हणाली, तुझी आई असती तर तुला माझ्याकडे यावंच लागलं नसतं. त्यानंतर आम्ही बरीच वर्षं बोललो नाही.

मी एका म्हाताऱ्या वकिलांकडे गेले. हॅमिल्टनमधलेच, असल्या समित्यांपुढे लोकांना उभं करण्याचं काम करणारे. मी त्यांना नाव न घेता दोन शक्यता सांगितल्या. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले की चूक या मुलीची असेल तर समिती दोन प्रश्न विचारेल आणि सोडून देईल, ट्रेनी असताना कोण चुकत नाही. पण चूक तिची नसेल आणि तरी तिने कोर्टापुढे तशी सही केली असेल, तर ती न्यायासनाशी खोटं बोलली. मग ती वकील होण्याचं विसरू दे. बोलून झाल्यावर त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली आणि ते म्हणाले, "यातली कुठली मुलगी माझ्याकडे आली आहे, ते मला सांगू नका."

ज्या खरेपणासाठी मी मावशीपुढे पदर पसरला होता, त्याने माझंच नुकसान होणार होतं, हे मला त्या खुर्चीत कळलं. मावशीला ते कळलं होतं म्हणून तिने नाही म्हटलं असं नाही. ती तिच्या कारणासाठी नाही म्हणाली होती. पण दोन्हींचा हिशेब एकच निघाला.

समितीत तीन जण होते. मी काळा सूट घालून गेले. चूक माझी होती, मी फाइल खणात ठेवून विसरले, मला त्याचा पश्चात्ताप आहे, आता मी प्रत्येक मुदत तीन ठिकाणी नोंदवते, असं सांगितलं. शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं. सगळं पंधरा मिनिटांत झालं. निघताना त्यांच्यातल्या एक बाई उठून माझ्याजवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की स्वतःची चूक दुसऱ्यावर न ढकलता अशी अंगावर घेणं हाच वकिलाचा पहिला गुण असतो. बाबा बाहेर वाट पाहत होते. त्यांना मी तेच वाक्य सांगितलं, कारण त्यांना ते आवडेल हे मला माहीत होतं. बाबांना त्यांच्या शेवटापर्यंत वाटत होतं की त्यांच्या मुलीच्या हातून एकदा एक चूक झाली, आणि तिने ती मर्दासारखी कबूल केली.

मी तीस वर्षांच्या आसपास वकिली केली, बहुतेक इमिग्रेशनचीच. एकही मुदत चुकवली नाही. शिकाऊ मुलांना मी कडक वाटे. माझ्या समोर बसून लिहिलेला जबाबही मी त्यांना अशिलाच्याच शब्दांत पुन्हा लिहायला लावत असे. गेल्या वर्षी लायसन्स परत केलं. आता कोणी काही विचारणार नाही, आणि विचारलंच तर काढून घेण्यासारखं माझ्याकडे काही नाही. म्हणून हे लिहिते आहे. हे धैर्य नाही, हे मलाही कळतं.

काका गेल्यावर मावशी केतकीकडे पिनरला राहायला आली. केतकीने मला फोन करून कळवलं की आई तुझं नाव सारखा काढते, एकदा येऊन जा. सारखं काढते, मी मनात दुरुस्त केलं, आणि तिकीट काढलं. तेव्हा माझी वकिली चालू होती. मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीतून उतरून मी चालत त्यांच्या घरी गेले. मावशी अगदी लहान झाली होती. कार्डिगनच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. केतकी कामावर होती. आम्ही दोघीच.

तिने मला बसवलं, पाणी दिलं, आणि शेल्फवरच्या एका पुस्तकातून एक पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. आत तिच्या हस्ताक्षरातलं दोन पानी पत्र होतं. टाइप केलेलं नव्हतं, हाताने लिहिलेलं, सावकाश, खाडाखोड न करता, इंग्रजीत. त्यात सगळं होतं. गाडीच्या डिकीतली फाइल, काकांचा आवाज, टेप, माझी सही. खाली तिची सही आणि तारीख. काका गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यातली तारीख होती.

"मी तेव्हा नाही म्हटलं," ती म्हणाली. "आता त्यांना काही होणार नाही. हे तुझ्या त्या कॅनडातल्या लोकांना पाठव. मी वाट बघत होते."

ती खरोखरच वाट पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर मला सुट्टी लागल्यासारखं काहीतरी दिसलं. आणि मला त्या क्षणी तिची कीव आली नाही. मला राग आला, की एवढी वर्षं उराशी धरून तिने मला जे आणून दिलं ते माझ्याच गळ्याला लावायचं शस्त्र होतं. मी तिला समजावून सांगितलं. काकांसारखंच, सावकाश, क्लायंटला सांगतात तसं. मी समितीपुढे काय बोलले ते सांगितलं. हे पत्र पोचलं तर काकांना काही होणार नाही, मला होईल, माझं लायसन्स जाईल, मी जिंकून दिलेल्या केसेसवर लोक प्रश्न विचारतील. ती ऐकत होती. तिने दोनदा विचारलं की म्हणजे तू तिकडेही तेच सांगितलंस, आणि मी दोनदा हो म्हटलं.

मग तिने माझ्या हातून पत्र घेतलं, घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तिच्या बोटांना काहीतरी करायचं होतं. शेवटी तिने ते फाडलं, आधी उभं, मग आडवं, आणि तुकडे कार्डिगनच्या खिशात ठेवले.

"म्हणजे मी तेव्हा गप्प बसले, ते बरंच झालं म्हणायचं," मावशी म्हणाली.

ती माझ्याकडे पाहत होती. तिला माझ्याकडून 'नाही' हा शब्द ऐकायचा होता, हे मला दिसत होतं. एवढं एक 'नाही' मी तिला द्यायला हवं होतं.

"हो मावशी," मी म्हटलं. "बरंच झालं."